सातबारा दाखवा, पिल्लू न्या

"चुकीच्या हातात देण्यापेक्षा आमच्याकडे राहिलेलं बरं." प्राणी दत्तक देणाऱ्या संस्थांना कुणी जाब विचारला की हे उत्तर ठरलेलं असतं, आणि ते ऐकून विचारणारा बहुधा गप्प बसतो. मुक्या जिवाची बाजू घेणाऱ्याशी भांडायचं म्हणजे आपणच निर्दय ठरणार, हे त्याला कळत असतं. त्यामुळे हे वाक्य आजवर प्रत्येक वादातून अलगद सुटत आलं आहे. त्याला जरा थांबवून विचारू या: चुकीचे हात म्हणजे कुणाचे? ते चुकीचे आहेत हे ठरवलं कुणी, आणि काय पाहून?

पुण्या-मुंबईत देशी पिल्लू किंवा मांजर दत्तक घ्यायला जा. आधी फॉर्म येतो, मग फोन, मग जमलंच तर होम-चेक. घर स्वतःचं की भाड्याचं? किती खोल्या? लग्न झालंय? नसेल तर कधी करणार? झालं असेल तर मूलबाळ कधी? घरातल्या सगळ्यांना प्राणी चालतो का? दिवसातले किती तास घर बंद असतं? आधी कुत्रा पाळला होता का, त्याचं पुढे काय झालं? यातले शेवटचे तीन प्रश्न विचारायलाच हवेत. मी संस्थेत असते तर मीही विचारले असते. अडचण अशी की तिथवर पोचायच्या आतच निकाल लागलेला असतो. "बॅचलरना देत नाही." "भाडेकरूंना देत नाही." "वन रूम किचनमध्ये देत नाही." आणि फॉर्मवर न छापलेला प्रश्न फोनवर हळूच येतो: आडनाव काय म्हणालात? राहायला नेमकं कुठे, मेन रोडला की आतल्या वस्तीत? मुंबईत भाड्याने घर शोधलेल्या माणसाला ही प्रश्नपत्रिका तोंडपाठ असते. एजंटही हेच विचारतो. पण एजंट निदान भूतदयेचं नाव घेत नाही.

सगळ्याच संस्था अशा आहेत असं मी म्हणत नाही. रात्री दोन वाजता हायवेवरून चिरडलेलं कुत्रं उचलून आणणारी, स्वतःच्या पगारातून सलाईन भरणारी पोरं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यातलीच काही या अटींवर खासगीत चिडलेली असतात. माझं भांडण त्या अटींशी आहे, आणि त्या अटींना जे नैतिक कवच चढवलं जातं त्याच्याशी आहे.

प्रतिपक्षाची बाजू आधी पुरती मांडते, कारण ती पोकळ नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ उघडून पाहा. जनावराला उपाशी ठेवलं, आखूड साखळीने सतत बांधून ठेवलं, कुठेतरी नेऊन सोडून दिलं, तर पहिल्या गुन्ह्याला दंड किती? कमीत कमी १० रुपये, जास्तीत जास्त ५० रुपये. कायदा झाला तेव्हा ५० रुपये ही रक्कम होती. आज त्यात दोन वडापाव आणि एक चहा येतो. भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमात पाच वर्षांपर्यंत कैद आहे, पण ती प्राण्याला ठार किंवा जायबंदी केलं तर. रोजच्या सावकाश छळाला ते ५० रुपयांचंच कलम. म्हणजे प्राणी एकदा दाराबाहेर गेला की त्याचं काय होतं यावर संस्थेचा काहीही इलाज चालत नाही. पिल्लू असताना हौसेने नेणारे, ते मोठं झालं, चप्पल चावू लागलं, की "गावाला पाठवलं" म्हणणारे लोक या कार्यकर्त्यांनी पाहिलेले असतात. इलाज नंतर चालत नाही म्हणून ते आधी, दारातच, काठी घेऊन उभे राहतात. हे मला समजतं.

पण दारात उभं राहून नेमकं काय पाहायचं? इथे यांची वाट चुकते.

कुठल्याही शेल्टरमध्ये पिंजऱ्यांच्या रांगेतून एक चक्कर मारा. देशी कुत्र्यांच्या मधेमधे एखादी हस्की बसलेली असते, एखादा रॉटवायलर, गुडघ्यांनी अधू झालेला लॅब्रॅडॉर. मांजरांच्या खोलीत डोळ्यांतून सतत पाणी गळणारी पर्शियन. हे प्राणी कुठून आले? मुंबईच्या दमट हवेत सायबेरियन हस्की पाळावी ही बुद्धी पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याला झालेली नसते, कारण तेवढे हजार त्याच्याकडे नसतात. ते जनावर ज्याने विकत घेतलं आणि मग टाकलं, त्याच्याकडे बहुधा मालकीचा फ्लॅट होता, लग्न झालेलं होतं, गाडी होती. या फॉर्ममध्ये त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. ज्या वर्गाने टाकलेली कुत्री आपण सांभाळतो आहोत, त्याच वर्गाची लक्षणं योग्यतेची कसोटी म्हणून छापायची, हा तर्क मला कुणी समजावून सांगावा.

आता उलट बाजूने पाहू. महाराष्ट्रात कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला कुणी? दिवाळी झाली की मेंढरं घेऊन देशावरून कोकणाकडे उतरणाऱ्या आणि पावसाच्या आधी परतणाऱ्या धनगरांच्या वाड्याबरोबर कुत्री चालत आली आहेत. रात्री लांडगा आला तर पहिली झुंज त्यांची. धनगरांचा देव खंडोबा, आणि त्याच्या मूर्तीजवळ घोड्याबरोबर कुत्रा असतो. शेतावरच्या गड्याच्या खोपटापुढे कुत्रा असतो, वीटभट्टीवरच्या पालापुढे असतो. कारवानी जातीची शिकारी कुत्री दख्खनच्या खेड्यांनी जपली, तेव्हा तिला कुठल्या केनेल क्लबची कागदपत्रं नव्हती. यातला एकही माणूस आजच्या फॉर्मचा पहिला रकाना ओलांडू शकत नाही. 'कायमचा पत्ता' तिथेच तो नापास. मुंबईची गोष्टही वेगळी नाही. ६ जून १८३२ रोजी मुंबईच्या फोर्टात पारशी मंडळी रस्त्यावर उतरली ती मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध; बक्षिसाच्या लोभाने कुत्री पकडणारे लोक घरात शिरू लागले तेव्हा भडका उडाला, आणि इतर समाजांची माणसंही त्यात सामील झाली. ज्या कुत्र्यांसाठी एवढा दंगा झाला त्यातली बरीचशी गल्लीची होती. या शहरात कुत्र्याची काळजी घेणं हा कधीच एका थराचा मक्ता नव्हता.

एक प्रसंग सांगते. आमच्या इमारतीत कामाला येणाऱ्या एका मावशी पार्किंगमधल्या एका कुत्रीला रोज भाकरी-दूध घालायच्या. तिचा मागचा पाय गाडीखाली गेला, एका संस्थेने तिला उचलून नेलं, पाय कापावा लागला. तीन पायांची कुत्री परत रस्त्यावर सोडता येत नाही, म्हणून तिच्यासाठी घर शोधणं सुरू झालं. मावशी म्हणाल्या, मीच नेते. मी बरोबर गेले. पिंजऱ्याजवळ मावशींचा आवाज ऐकून ती कुत्री तीन पायांवर उभी राहिली, हे तिथल्या मुलीनेही पाहिलं. मग प्रश्न सुरू झाले. खोली पत्र्याची आहे का? उन्हाळ्यात तापत असेल ना? तुम्ही दिवसभर कामावर असता? मुलीचा सूर उद्धट मुळीच नव्हता. उलट फार गोड होता. "मावशी, तिला त्रास होईल हो तिथे." मावशी म्हणाल्या, "त्याच खोलीत माझी पोरं वाढली की, ताई." त्यावर ती मुलगी हसली, आणि फॉर्म तिने दुमडून ठेवला. मावशींचा जावई रिक्षा चालवतो, सून दिवसभर घरी असते, शेजारी तीन घरांत कुत्री आहेत. यातलं तिने काहीच विचारलं नव्हतं. पत्रा हा शब्द आल्यावर पुढचं विचारायची गरज तिला वाटली नाही. बाहेर पडल्यावर मावशी मला एवढंच म्हणाल्या, की नाही म्हणायचं होतं तर फोनवरच म्हणायचं, आजची दोन कामं बुडाली.

यावर संस्थांचं आवडतं उत्तर असं, की आम्ही मूल दत्तक देताना घेतात तेवढीच काळजी घेतो. ही तुलना त्यांनीच आणली आहे, तर ती नीट पुढे नेऊ. आपल्या देशात मूल दत्तक देण्याचं काम २०१५ चा बालन्याय कायदा आणि २०२२ ची दत्तक नियमावली यांच्या चौकटीत, केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण म्हणजे 'कारा'च्या देखरेखीखाली चालतं. तिथे एकटी स्त्री मूल दत्तक घेऊ शकते, मुलगा असो की मुलगी. एकटा पुरुषही घेऊ शकतो, फक्त मुलगी घेऊ शकत नाही. वयाच्या मर्यादा आहेत आणि त्या आकड्यांत लिहिलेल्या आहेत: दोन वर्षांपर्यंतचं मूल हवं असेल तर एकट्या पालकाचं वय ४० पर्यंत. स्वतःच्या मालकीचं घर हवं अशी अट नाही. सामाजिक कार्यकर्ता घरी येतो, पाहतो, बोलतो, गृह अध्ययन अहवाल लिहितो. आणि अर्जदार अपात्र ठरला तर त्याची कारणं नोंदवावी लागतात. धर्माचं म्हणाल तर २०१४ साली शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की बालन्याय कायद्याखाली कुठल्याही धर्माच्या व्यक्तीला मूल दत्तक घेता येतं, तिचा वैयक्तिक कायदा काहीही म्हणो.

म्हणजे पस्तिशीतली, भाड्याच्या खोलीत राहणारी, अविवाहित नर्स या देशाच्या कायद्यानुसार तान्हं मूल घरी आणू शकते. मांजराचं पिल्लू आणायला गेली तर तिला विचारतात, "लग्नानंतर सासरी चालेल का?" हा प्रश्न अविवाहित मुलाला क्वचितच या शब्दांत विचारला जातो. त्याला वेगळा विचारतात: "एकटा मुलगा आहेस, मित्र वगैरे येतात, पार्ट्या होतात, काही भलतंसलतं..." मुलीवर भरवसा नाही कारण ती उद्या दुसऱ्याच्या घरची होणार, मुलावर नाही कारण तो अजून कुणाच्या धाकात नाही. आणि पासष्टीच्या आजोबांना नाही, कारण ते किती दिवसांचे सोबती! या हिशेबाने कुत्रा फक्त तीस ते पन्नास वयाच्या, विवाहित, मुलं मोठी झालेल्या, स्वतःच्या टू बीएचकेत राहणाऱ्या जोडप्यालाच द्यायचा. त्या जोडप्याने गोल्डन रिट्रीव्हर बुक केलेला असतो. आजोबांना पिल्लू देऊ नका हवं तर, पण दहा वर्षांची, दिवसाचे अठरा तास झोपणारी म्हातारी कुत्री वर्षानुवर्षं पिंजऱ्यात का ठेवता? ती आणि ते, दोघंही दुपारी डुलकी काढणारे.

धर्माबद्दल थोडं, कारण हा विषय सगळे टाळतात. "तुमच्यात कुत्रा चालत नाही ना?" असं मुसलमान अर्जदाराला विचारताना विचारणाऱ्याला आपण फार जाणकार आहोत असं वाटतं. जो माणूस आपल्या पायांनी चालत कुत्रा मागायला आला आहे, त्याला त्याच्या घरात काय चालतं हे आपल्याहून जास्त ठाऊक असावं. मांजराच्या बाबतीत तर ही शंका हास्यास्पदच. मांजराच्या पिल्लावरून ज्यांना टोपणनाव पडलं ते अबू हुरैरा पैगंबरांचे साथी होते, आणि कोकणातल्या कुठल्याही मोहल्ल्यात पायरीवर मांजर नसलेलं घर सापडायचं नाही. "घरी नॉनव्हेज शिजतं का?" हा आणखी एक. तो कुत्र्याला विचारला तर अर्जदाराची शिफारस कुत्रा स्वतः करेल.

पुढचा बचाव: आमची खासगी संस्था आहे, आमचा प्राणी, आम्ही कुणाला द्यायचा ते आम्ही ठरवू. हे अर्धसत्यही नाही. यातल्या बहुतेक संस्था सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेले न्यास असतात. देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत मिळते, म्हणजे त्या देणगीत सरकारी तिजोरीचाही वाटा असतो. अनेकांकडे महापालिकेचं नसबंदीचं काम असतं, काहींकडे महापालिकेची जागा. याच कायद्याच्या ४१-एए कलमाने न्यासांच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवायला लावल्या आहेत. गरिबाने आमच्या दारात येऊ नये असं म्हणायची सोय धर्मादाय नावाला नाही, हे महाराष्ट्राने इस्पितळांच्या बाबतीत कायद्याने मान्य केलं आहे. प्राण्यांच्या न्यासांना असं कलम नाही. कलम नसेल तेव्हाच तर विश्वस्तांची सदसद्विवेकबुद्धी कामाला यायची.

आणि तो प्राणी 'आमचा' कसा? देशी कुत्र्याला रस्त्यावरून उचललेलं असतं. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लस झाली की त्याला जिथून उचललं तिथेच सोडायचं असतं. गल्लीत त्याला सांभाळणारी माणसं असतात; भाजीवाली, वॉचमन, इस्त्रीवाला. नियमांनुसार हीच माणसं त्याच्या आसपास राहणार आणि त्याला खाऊ घालणार. मग तीच माणसं त्याला घरात घ्यायला आली की अचानक अपात्र कशी होतात? रस्त्यावर भाकरी घालायला चालतो तो हात, आणि उंबऱ्याच्या आत चालत नाही, हे आपल्या समाजात याआधी पुष्कळ पाहिलेलं आहे.

नकाराची तुलना कशाशी करायची, हा या सगळ्या वादातला कळीचा मुद्दा आहे आणि नेमका तोच बाजूला पडतो. कार्यकर्त्याच्या डोळ्यांपुढे एक आदर्श घर असतं: बाल्कनी, एसी, दिवसातून तीन फेऱ्या, वर्षाला दोनदा ग्रूमिंग. समोरचं घर त्या चित्राशी जुळत नाही म्हणून तो नाही म्हणतो. पण ते आदर्श घर रांगेत उभं नसतं. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री मोजली गेली, महाराष्ट्रात पावणेतेरा लाख. बाल्कनीवाली घरं काढायची तरी किती? पत्र्याच्या खोलीला पर्याय असतो तो सहा फुटी पिंजऱ्याचा, किंवा रस्त्याचा. पत्र्याची खोली तापते हे खरं. पिंजऱ्याचं छप्पर बहुतेक ठिकाणी कशाचं असतं?

२०२५ साली तर रस्त्याचा हा पर्याय आणखी अरुंद झाला. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि परिसरातली सगळी भटकी कुत्री शेल्टरमध्ये टाकायचा आदेश दिला. देशभर गदारोळ झाल्यावर २२ ऑगस्टला तो बदलला: नसबंदी-लसीकरण झालेली कुत्री परत सोडा, पिसाळलेली किंवा आक्रमक सोडू नका. मग ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवा, परत तिथे सोडू नका, असा आदेश आला. त्या आदेशांवर प्राणीमित्रांनी जो संताप केला तो मला पटतो; एवढी कुत्री ठेवायला जागा कुठे आहे, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. पण २२ ऑगस्टच्याच आदेशात आणखी एक वाक्य होतं, की ज्याला भटकं कुत्रं दत्तक घ्यायचं आहे त्याने महापालिकेकडे अर्ज करावा, आणि घेतल्यावर ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्याची. खोल्या किती आणि लग्न झालंय का, हे तिथे आलं नाही. जागा नाही म्हणून न्यायालयात गळा काढायचा आणि संध्याकाळी फोनवर "सॉरी, रेंटेड असेल तर नाही देत" म्हणायचं, ही दोन तोंडं एका धडाला शोभत नाहीत.

भाडेकरूंच्या अटीमागे एक व्यवहार आहे, तो मान्य करायला हवा. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, मालक बदलला किंवा त्याचं मन बदललं की घर सोडा. नव्या घराचा मालक कुत्रा नको म्हणाला तर पहिला बळी कुत्र्याचा. हे घडतं. सोसायटीच्या बाबतीत प्राणी कल्याण मंडळाने २०१५ सालीच सांगून ठेवलं आहे, की बहुमताचा ठराव करूनसुद्धा पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, आणि लिफ्ट वापरू नका असंही म्हणता येत नाही. घरमालकाचा करार मात्र त्यात येत नाही. मग मालकाचं संमतिपत्र मागा. घर बदलावं लागलं आणि कुत्रा नेता आला नाही तर तो परत आम्हालाच आणून द्याल, असं लिहून घ्या आणि आणला तर कपाळाला आठ्या न घालता परत घ्या. पुणे आणि मुंबई ही भाडेकरूंची शहरं आहेत. आयटीतली पोरं, नर्सा, कॉलेजातले शिक्षक, बदलीवरचे बँकवाले हे सगळे भाड्याने राहतात. त्या सगळ्यांवर सरसकट काट मारायची आणि मग "लोक ब्रीडरकडे जातात" म्हणून हळहळायचं. ब्रीडर खोल्या मोजत नाही, नोटा मोजतो. ज्याला तुम्ही नाही म्हणालात तो घरी जाऊन गप्प बसत नाही. त्यातले बरेच जण पुढच्या रविवारी कुठल्यातरी पेट शॉपमध्ये उभे असतात, आणि तिथे मागच्या खोलीत पिलावळ काढायला ठेवलेल्या मादीचा खर्च त्यांच्या पैशाने भागतो.

नियमाच्या आंधळेपणाला श्रीमंतीही वाचवत नाही, याचं प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतलं. २००७ च्या ऑक्टोबरात टीव्हीवरच्या एलन डीजेनेरस यांनी एका संस्थेकडून घेतलेला इग्गी नावाचा छोटा कुत्रा घरातल्या मांजरांशी जमेना, म्हणून आपल्या केशरचनाकार बाईंच्या घरी दिला. त्या घरातल्या मुली ११ आणि १२ वर्षांच्या, कुत्र्याशी रमलेल्या. संस्थेने करारावर बोट ठेवून कुत्रा परत नेला: एक तर परस्पर दिला, आणि दुसरं म्हणजे १४ वर्षांखालची मुलं असलेल्या घरात आम्ही लहान कुत्री देत नाही. डीजेनेरस कॅमेऱ्यासमोर रडल्या. करार मोडला हे खरंच होतं. पण कुत्रा सुखात आहे की नाही हे पाहायला त्या घरात कुणी बसलं नाही. मुलींचं वय पाहिलं आणि संपलं. त्यानंतरच्या वर्षांत तिथल्या मोठ्या प्राणी संस्थांनी उलट दिशा धरली. घरमालकाला फोन, होम-चेक, सरसकट नकार हे कमी करून अर्जदाराशी गप्पा मारायच्या आणि त्याला कुठला प्राणी झेपेल ते जुळवून द्यायचं, असा प्रचार 'अ‍ॅडॉप्टर्स वेलकम' या नावाने ह्यूमेन सोसायटीने केला. ते सगळं आपण उचलावं असं नाही. तिथे प्राण्याला मारून टाकण्याचा धाक होता, आपल्याकडे कायद्याने तो नाही. पण ज्यांच्याकडून आपण फॉर्म उचलला त्यांनी तो टाकून दिला, एवढं तरी माहीत असावं.

मग काहीच अटी नकोत का? हव्यात, आणि कडक हव्यात. मांजर नेणाऱ्याने खिडक्यांना जाळी लावलीच पाहिजे. सातव्या मजल्यावरून पडलेल्या मांजरी पाहिल्यावर त्यात तडजोड नाही. नसबंदीची तारीख ठरवूनच पिल्लू द्यावं. रेबीजची लस दरवर्षी. कुत्रा रात्रंदिवस बांधून ठेवायचा नाही. ओळखपत्राची प्रत, फोन नंबर, एक शेजारी साक्षीला. आधी पंधरा दिवस फॉस्टर म्हणून द्या, जमलं तर पक्कं करा. या सगळ्या अटी माणूस काय करतो याच्या आहेत, आणि कुणीही ठरवलं तर पाळू शकतो अशा आहेत. जाळीला पैसे नसतील तर तिथे देणगीदार लागतो. जाळीचा खर्च एका महिन्याच्या पिंजऱ्यातल्या खाण्या-औषधाहून फार वेगळा नसतो. भाडं, लग्न, आडनाव, पत्रा या अटी माणूस कोण आहे याच्या आहेत, आणि त्या कितीही प्रेम असलं तरी पूर्ण करता येत नाहीत.

"फॉलोअपला माणसं नाहीत हो," असं लगेच येईल. तीन फेऱ्यांची मुलाखत घ्यायला माणसं आहेत, तर त्यातली एक फेरी दत्तक दिल्यानंतर घ्या. वस्तीत ज्या बायका आधीच कुत्र्यांना खाऊ घालतात त्यांना सांगा. गल्लीत कुत्र्याला कुणी काठी मारली हे त्यांना तुमच्याआधी कळतं. लसीकरणाचं शिबिर वस्तीत लावा, दत्तक गेलेली सगळी कुत्री तिथे आपोआप दिसतील.

शेवटी एक मागणी, आणि ती फार महाग नाही. या संस्थांचे वार्षिक अहवाल निघतात. त्यात किती प्राणी वाचवले, किती शस्त्रक्रिया केल्या, किती दत्तक गेले, देणग्या किती आल्या, सगळं असतं, रंगीत फोटोंसह. त्यात एक पान वाढवा. या वर्षी दत्तक मागायला किती जण आले, त्यातल्या किती जणांना नाही म्हटलं, आणि प्रत्येकाला कुठल्या कारणासाठी. नावं नकोत. नुसतं कारण लिहा, जसं फोनवर सांगितलं तसंच्या तसं, आणि त्याच्या शेजारच्या रकान्यात लिहा की तो नाकारलेला प्राणी आज कुठे आहे. मग ते पान घेऊन विश्वस्तांच्या सभेत बसा, आणि देणगीदारांनाही एक प्रत पाठवा.